वाऱ्याचा काही नेम नाही

नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतायची, मग तेलात भिजवलेली चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी, आणि गजाने सगळं तळापर्यंत ठासायचं. ठासणीच्या रायफलीत हा क्रम चुकला की फजिती ठरलेली. दारू विसरून नुसतीच गोळी ठासायचा पराक्रम मी दोनदा केलाय. ती उपसून काढताना शेजारचे जे सहानुभूतीने बघतात, त्यापेक्षा हसलेले परवडले. पण ती चूक निदान आपली असते. वाऱ्याचं तसं नाही.

माझी गोळी ०.४९० इंच व्यासाची, साधारण साडेअकरा ग्रॅमची. साच्यातून काढून शिशाचं शेपूट कापलं की तिथे एक चपटा डाग राहतो. तो बरोबर वर ठेवून ठासायचा. एवढीशी गोटी, पण तळहातावर घेतली की आकाराच्या मानाने चांगलीच जड. हिला वारा काय हलवणार, असं मला वाटायचं. हवा गोळीला काय अडवणार, असं जुन्या तोफवाल्यांनाही वाटायचंच. मग इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्सने जड लंबकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला आणि १७४२ साली सांगून टाकलं, की हवा गोळीला अडवते ती तिच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने.

गोल गोळी या बाबतीत फारच बापुडवाणी. सेकंदाला १,९०० फुटांच्या तोऱ्यात निघते आणि १०० यार्डांवर पोचेपर्यंत निम्म्याच्या आसपास वेग गमावून बसते. गंमत अशी, की वारा तिला किती सरकवणार हे ती एकूण किती वेळ उडाली यावर नाही, तर हवेमुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतं. पानं नुसती सळसळत राहतील असा, ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला १०० यार्डांत फूटभर बाजूला नेतो. २०० यार्डांत दुप्पट नेईल म्हणावं, तर तीन फुटांच्याही वर!

यावर मी सुरुवातीला शोधलेला उपाय म्हणजे जास्त दारू. खांदा काळानिळा झाला, गोळी सरकायची तेवढीच सरकली. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीला हवा जास्तच चोपते, त्यामुळे वाढवलेला वेग वाटेतच खर्ची पडतो.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला इंग्रज अधिकारी जॉर्ज हँगर याने १८१४ साली लिहिलंय, की अमेरिकन रायफलवाल्याने ३०० यार्डांवरून स्थिर उभ्या असलेल्या माझ्यावर नीट नेम धरला, तर तो मला नक्की टिपेल. फक्त वारा फार नसला पाहिजे. शत्रूचं एवढं कौतुक करतानाही त्याने वाऱ्यापुरती पळवाट ठेवली, यावरून माणूस अनुभवी होता.

तेव्हा लक्ष्यावर नेम धरायचाच नाही. वारा जिकडून येतो तिकडे, मोकळ्या गवतावर धरायचा. इतकी वर्षं जे डोळ्याला शिकवलं, ते चाप ओढताना विसरायचं. चाप ओढल्यावर गोळी खरोखरच वाऱ्यावर सोडलेली, आणि आपल्यापुढे नुसता पांढरा धूर. लागली का नाही, ते कानांनी ऐकायचं.

परवा २०० यार्डांवरच्या लोखंडी पाटीसमोर बसलो होतो. वारा उजवीकडून, एकसारखा. बराच वेळ गवत न्याहाळून पाटीच्या उजवीकडे साडेतीन फुटांवर नेम धरला. श्वास रोखला, बार उडाला. धूर डावीकडे न जाता माझ्याच तोंडासमोर लोंबकळत राहिला, तेव्हाच पोटात गोळा आला. सेकंदभराने तिकडून स्वच्छ ‘टण्ण’ ऐकू आलं.

उजवीकडचे गृहस्थ अजून दारू मोजत होते. त्यांनी मान वर करून आपल्या डुलणाऱ्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वा,” ते म्हणाले, “अगदी मधोमध.”