बारावीला मार्क चांगले, घरची परिस्थिती बेताची: शिष्यवृत्तीचं गणित

बारावीचा निकाल लागला की पुण्यात आधी कॉलेजची चौकशी होते, मग ब्रँचची. शिष्यवृत्तीचा विषय घरात निघतो तो थेट गणपतीच्या सुमाराला, फी भरून झाल्यावर. तोवर निम्मी कागदपत्रं मुदतीत मिळणं अवघड झालेलं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणती योजना घ्यायची, याचा हिशोब कुणी केलेला नसतो. सेतू केंद्रातला माणूस जो फॉर्म पुढे करेल तो भरला जातो.

केंद्राची गुणवत्ता अधिक उत्पन्न अशी जी मुख्य योजना आहे, ती अजूनही ‘सेंट्रल सेक्टर’ या जुन्या नावानेच ओळखली जाते; आता ती पीएम-यूएसपी (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन) योजनेत मोडते. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या. अट अशी की बारावीला आपापल्या बोर्डात, आपापल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असावं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावं. इथे टक्के आणि पर्सेंटाइल यांची हमखास गल्लत होते. ८० टक्के मिळाले म्हणजे पात्र, ७६ मिळाले म्हणजे अपात्र, असं काही नसतं. आपल्या शाखेत जेवढी मुलं पास झाली, त्यातल्या वरच्या २० टक्क्यांत आपण आहोत का, एवढंच बघायचं. ही रेषा दरवर्षी आणि प्रत्येक शाखेत वेगळी पडते. म्हणून नुसते टक्के बघून फॉर्म सोडून देऊ नका. उलट बाजूही लक्षात ठेवा: रेषा ओलांडली म्हणजे पैसे मिळालेच असं नाही. राज्याच्या वाट्याला आलेल्या जागा विज्ञान, वाणिज्य आणि कला यांच्यात ३:२:१ अशा वाटल्या जातात, निम्म्या मुलींना जातात, आणि मग गुणानुक्रमे यादी लागते.

रक्कम पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरसाल १२,००० रुपये. अभ्यासक्रम चार किंवा पाच वर्षांचा असेल तर चौथ्या-पाचव्या वर्षाला २०,०००. म्हणजे बीएस्सीच्या तीन वर्षांचे ३६,०००, बीटेकचे चार वर्षांत ५६,०००. डिप्लोमा आणि दूरशिक्षण यांना ही योजना लागू नाही.

आता खरा मुद्दा. ही शिष्यवृत्ती घेतली की दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती, राज्याची फी-माफी किंवा फीची प्रतिपूर्ती घेता येत नाही. आणि राज्याकडे महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख, व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकवणी फीच्या निम्मी रक्कम, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ओबीसी मुलींना शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला काही मिळत नाही.

समजा कोथरूडच्या किंवा आकुर्डीच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणी फी एक लाख आहे. मुलगा असेल तर शाहू योजनेत ५०,००० सुटतात, वरच्या प्रवर्गांतली मुलगी असेल तर लाखच्या लाख. तिथे केंद्राच्या १२,००० साठी अर्ज करणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. पण तोच विद्यार्थी अनुदानित कॉलेजात बीए किंवा बीएस्सीला असेल, तर मुळात फीच थोडी, तिची निम्मी रक्कम त्याहून थोडी. तिथे केंद्राचे १२,००० सरळ खात्यावर येतात आणि पुस्तकांना, मेसला, पीएमपीच्या पासला उपयोगी पडतात. माझं मत विचाराल तर अनुदानित कॉलेजातल्या हुशार मुलांनी सेंट्रल सेक्टर सोडूच नये, आणि नेमकी हीच मुलं अर्ज करत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी मात्र या दोन्हींच्या आधी पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची योजना पाहावी.

हिशोब झाला की उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदाराचाच लागतो. कंपनीचं पत्र किंवा नगरसेवकाचं पत्र चालत नाही. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरून करता येतो, नाहीतर सेतू केंद्रातून. शहरातल्या पेठांत राहणाऱ्यांची कचेरी खडकमाळ आळीतली. सोबत आधार, रेशन कार्ड, लाइट बिल, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा: नोकरी असेल तर पगारपत्रक किंवा फॉर्म १६, गावी शेती असेल तर सातबारा आणि ८अ, रिक्षा किंवा धुण्याभांड्याची कामं असतील तर तलाठ्याचा चौकशी अहवाल. दाखल्यासाठी कायद्याने १५ दिवसांची मुदत आहे, पण जून-जुलैत नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाइलवाल्यांचीही तिथेच झुंबड असते. दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत काढून ठेवलेला एक वर्षाचा दाखला जुलैत निरुपयोगी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज टाकलात तर सगळ्यात सोपं जातं.

उत्पन्न धरायचं ते आई-वडील दोघांचं मिळून, आणि कपातीच्या आधीचं. फॉर्म १६ मधला करपात्र आकडा पाहून ‘आपण बसतो’ असं ठरवू नका. पीएफ, विमा, गृहकर्जाचा हप्ता वजा करून सवलत मिळत नाही. साडेचार लाख म्हणजे महिन्याला बरोबर ३७,५०० रुपये. वडिलांचा पगार ३४,००० आणि आईच्या डब्यांचे ५,००० असतील, तर बेरीज ४ लाख ६८ हजार होते आणि घर बाहेर पडतं. मग शाहू योजनेच्या ८ लाखांत बसा. दाखल्यावर आकडा कमी करून घेण्याचे सल्ले गल्लीबोळात मिळतात. पुढे दाखला आणि पगारपत्रक समोरासमोर आले की अर्ज तर जातोच, शिवाय घेतलेले पैसे परत करायची वेळ येते.

नावांचा घोळ हा आपल्याकडचा खास प्रकार. बारावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. क्रम वेगळा असला तरी सहसा निभावतं. स्पेलिंग वेगळं असेल तर नाही. श्वेताचं नाव मार्कशीटवर ‘एस-एच’ने आणि आधारवर नुसत्या ‘एस’ने असेल, तर आधी आधार दुरुस्त करा आणि मगच केंद्राचा अर्ज जिथे भरायचा त्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी, सुरू करा. तिचा १४ अंकी क्रमांक पुढच्या सगळ्या वर्षांना लागतो आणि माहिती आधारवरूनच उचलली जाते. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा दुरुस्तीचा फॉर्म मार्कशीट समोर ठेवूनच भरा. ओटीआरला मोबाइलवर चेहरा दाखवून पडताळणी करावी लागते. कॅफेत हे काम दुसऱ्याच्या फोनवर होतं आणि ओटीपी व पासवर्ड तिथेच राहतात. घरच्या फोनवर करा.

बँकेचं एक पक्कं समजून घ्या. खात्याला आधार ‘जोडलेलं’ असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यावर येण्यासाठी ‘सीडिंग’ झालेलं असणं वेगळं. पहिलं केवायसीपुरतं. सरकारी पैसा जातो तो एनपीसीआय या देशाच्या पेमेंट यंत्रणेच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे तिथे, मग फॉर्मात खाते क्रमांक कुठलाही लिहिलेला असो. अनेक मुलांचं सीडिंग शाळेत उघडलेल्या जुन्या खात्याला असतं. सहावी-सातवीपासून त्यात व्यवहार नाही, खातं निष्क्रिय, आणि पैसे तिथे जाऊन परत फिरतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहायला दोन मिनिटं लागतात. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी सीडिंगचा संमतीचा अर्ज द्या आणि नोंद बदललेली पुन्हा तपासा.

फॉर्ममध्ये कॉलेज निवडताना पुण्यात विशेष जपावं लागतं, कारण एका संस्थेची चार-चार कॉलेजं एकसारख्या नावाची असतात. मॉडर्न शिवाजीनगरचं वेगळं, गणेशखिंडचं वेगळं. चुकीचं निवडलं की अर्ज दुसऱ्याच कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडतो आणि तुमच्या कॉलेजचा क्लार्क प्रामाणिकपणे सांगतो की आमच्याकडे आलाच नाही. ऑफिसमधून कॉलेजचा आयशे कोड (उच्च शिक्षण सर्वेक्षणातला कॉलेजचा क्रमांक) लिहून घ्या आणि तो ताडून पाहा. बारावीचा बैठक क्रमांकही सुरुवातीच्या अक्षरासकट, मार्कशीटवर आहे तसाच.

‘सबमिट’ झालं म्हणजे काम झालं असं नाही. आधी कॉलेजची पडताळणी, मग राज्याची. प्रिंट, दाखला आणि बोनाफाइड घेऊन शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जा, पडताळणी झाल्याचं स्वतः पोर्टलवर बघा. स्टेटसला ‘डिफेक्ट’ दिसलं तर अर्ज दुरुस्तीसाठी परत आला आहे. मुदतीत सुधारून पुन्हा पाठवला नाही तर तो आपोआप बाद होतो. मुदत संपता संपता पोर्टल रखडतं, त्यामुळे शेवटचा आठवडा दुरुस्तीसाठीच मोकळा ठेवा.

केंद्राच्या शिष्यवृत्तीचं दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण: किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. गुणांपेक्षा हजेरीत जास्त मुलं अडकतात, खास करून क्लास लावलेली.

खासगी ट्रस्टचा रस्ता वेगळा. मुलींसाठी पुण्यातलं लीला पूनावाला फाउंडेशन आहे, गावाकडून आलेल्यांना राहण्याजेवणाची सोय करणारी विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, आणि देशपातळीवर रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती, जिला पहिल्या वर्षातच अर्ज करावा लागतो आणि ऑनलाइन अभियोग्यता चाचणी असते. अशा ठिकाणी नुसता दाखला पुरत नाही. घरभाडं, कर्जाचा हप्ता, आजारपणाचा खर्च, भावंडांच्या फी असं सगळं विचारलं जातं. मुलाखतीला जाण्याआधी महिन्याचा जमाखर्च एका कागदावर मांडा, आणि आई, वडील व मुलगी तिघांनाही त्यातले आकडे माहीत असू द्या. भाडं फॉर्मात ९,००० आणि तोंडी ६,००० निघालं, तर पुढचे प्रश्न सगळे त्या तीन हजारांवरच होतात.