आईचे दोन डोळे आणि ताऱ्यांचे रंग: तीन महिन्यांची नोंद

जानेवारी, पहिला आठवडा

आईचं वय 79. नोव्हेंबरात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याची तारीख फेब्रुवारीअखेरची मिळाली आहे. संध्याकाळी मी अंगणात दुर्बीण लावते, तेव्हा ती खुर्ची टाकून शेजारी बसते. इतकी वर्षं ती फक्त सोबतीला बसायची. परवा मात्र तिने एकदा हा, एकदा तो असे डोळे झाकत विचारलं, "अगं, व्याध दोन रंगांचा आहे का?"

व्याध तेव्हा क्षितिजालगत होता. तिथे तो सगळेच रंग उधळतो, म्हणून मी ते लुकलुकण्यावर ढकललं. काल तो चांगला वर आल्यावर तिने पुन्हा तेच सांगितलं. उजव्या डोळ्याने नीळ दिलेल्या कपड्यासारखा पांढरा, डाव्याने जुन्या वहीच्या पानासारखा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयानुसार पिवळट होत जातं आणि जांभळा-निळा प्रकाश अडवतं. हा बदल इतका सावकाश होतो की ज्याचं त्याला कळत नाही. ऑपरेशनमध्ये त्याच्या जागी बसवलेलं कृत्रिम भिंग स्वच्छ असेल तर तो निळा पुन्हा आत येतो. काही कृत्रिम भिंगांना मुद्दाम पिवळी झाक दिलेली असते, आईचं तसं नाही, कागदपत्रं काढून पाहिली. म्हणजे या घडीला तिच्याकडे दोन आकाशं आहेत आणि त्यांतलं एक फेब्रुवारीअखेर कायमचं जाणार. मी या हंगामासाठी काढलेली अंधुक दीर्घिकांची यादी बाजूला ठेवली.

जानेवारी, दुसरा आठवडा: साधनं

इथे बराच वेळ गेला, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना आकाश दाखवणाऱ्यांच्या कामी येईल म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात माझ्या लाडक्या 7x50 द्विनेत्रीपासून (दोन डोळ्यांची दुर्बीण, 7 पट मोठं दाखवणारी, भिंगं 50 मिलिमीटरची) केली. ती जड, आईचे हात थरथरतात, आणि खरी गोम वेगळीच. या द्विनेत्रीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत 50 भागिले 7, म्हणजे साधारण 7 मिलिमीटर रुंद असतो. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात तेवढी उघडते, वय वाढलं की कमी. आईची 4 मिलिमीटर धरली तर उरलेला प्रकाश बाहुलीच्या कडेवरच अडतो आणि 50 मिलिमीटरचं भिंग तिच्यासाठी 28 मिलिमीटरचं होतं. त्यापेक्षा 8x32 घेतली, तर झोत बरोबर 4 मिलिमीटर. वजन कमी, आणि तिच्या डोळ्यात पोचणारा प्रकाश जास्त! इतकी वर्षं 'मोठं भिंग बरं' असं मी सगळ्यांना सांगत आले, ते आता वय विचारून सांगेन.

8x32 मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) बसवली आणि मोनोपॉड आरामखुर्चीत तिच्या दोन पायांमध्ये उभा केला. थरथर जवळजवळ गेली. एका वेळी एकच डोळा वापरायचा म्हणून दुसऱ्या बाजूला टोपण.

माझी 8 इंची डॉब्सोनियन, म्हणजे आरशाची मोठी दुर्बीण, तिच्या उपयोगाची नाही. वाकून, मान वळवून बघावं लागतं. गुरू 200 पट मोठा करून दाखवला तर म्हणाली, "मधे जाळं तरंगतंय." झोत 1 मिलिमीटरवर आला की डोळ्यातल्या द्रवात तरंगणाऱ्या गुठळ्यांच्या सावल्या ठळक दिसतात. 50 पटींवर जाळं विरलं आणि गुरूचे चारही मोठे चंद्र दिसले.

जानेवारी, तिसरा आठवडा

चूक माझी. ब्रह्महृदय डोक्यावर होता, मी तिला खुर्ची फार मागे न करता तसंच वर बघायला लावलं. मान मागे गेली आणि तिला गरगरलं. काम तिथेच थांबवलं. आता डोक्यावरचा तारा कलेपर्यंत थांबायचं, हा नियम.

अंधाराला सरावलेली नजर टिकावी म्हणून लाल टॉर्चच वापरायचा, हा हट्टही सोडला. मंद लाल उजेडात तिला पायरी दिसत नाही आणि पडण्याचा धोका कुठल्याही ताऱ्यासाठी पत्करायचा नाही. तिने दिवेलागणीलाच येऊन बसायचं. आकाश काळवंडेल तसे तिचे डोळे आपोआप सरावतात. उतारवयात याला जास्त वेळ लागतो, तो संधिप्रकाशातच वसूल होतो.

फेब्रुवारी: रंग

पद्धत अशी: तारा फोकसमधून किंचित बाहेर काढायचा. टिंबाची छोटी चकती होते आणि तिचा रंग सहज कळतो. आधी डावा डोळा, मग उजवा. ती सांगेल तेच शब्द मी लिहायचे, दुरुस्ती करायची नाही.

रोहिणी: डावा 'जर्द केशरी', उजवा 'पिकल्या लिंबाचा'. काक्षी (मृग नक्षत्रातला तांबडा तारा): डावा 'निखारा', उजवाही 'निखारा, पण राख झटकलेला'. राजन्य (मृगातलाच निळा तारा): डावा 'पांढरा', उजवा 'निळा, अगदी निळा'. कृत्तिकांच्या जागी डाव्याने नुसता धुरकट ठिपका, उजव्याने सहा तारका, त्यांचा रंग 'गार'.

तक्त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. तांबड्या ताऱ्यांत दोन डोळ्यांचा फरक थोडा, निळ्यांत सर्वाधिक. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण 3500 केल्व्हिन, राजन्यचं 12000 च्या आसपास, आणि तारा जितका तप्त तितका निळा. पिवळ्या भिंगाने कुणाचा प्रकाश जास्त खाल्ला ते उघड आहे. हे मला पुस्तकी माहीत होतं. पण शेजारी बसलेलं माणूस ते एकेक डोळा झाकून सांगतंय, याचा आनंद निराळा. तिसऱ्या रात्रीपासून यादी तीच ठरवू लागली. "आज आधी राजन्य लाव," म्हणाली, "तो डाव्याने बघून घेते, परत असा दिसायचा नाही."

मार्च, शेवटचा आठवडा

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी होकार देईपर्यंत बाहेरची बैठक बंद होती. काल पुन्हा बसलो. रोहिणी पश्चिमेला कलली होती. तिने डावा, उजवा, पुन्हा डावा असं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दोघांचं एकमत झालं." मग टोपण काढून पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांनी कृत्तिका बघितल्या. मोजल्या सहाच, पण द्विनेत्री खाली ठेवायला तयार नव्हती.

एप्रिलसाठी चित्रा आणि स्वाती. एक निळसर, एक नारिंगी, संध्याकाळी दोन्ही पूर्वेकडे. वहीत रंगाचा रकाना आता तिच्याच अक्षरात भरला जातो. तिला ओळी दिसाव्यात म्हणून जाड रेघांची वही आणली आहे.