घामाने काढलेल्या लाटा

मे महिन्यात नागपुरात स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी, करायची म्हणजे अर्धी लढाई घामाशी. कळमन्यात आडत असलेले काकाजी आले, त्या रात्री अकरालाही भिंती तापलेल्या होत्या. तक्रार मुलाची: बाबा घोरतात, हिशेब विसरतात. काकाजी म्हणाले, "झोप तं मस्त लागते जी, पण सकाळी डोकं जड राह्यते." सोबत दुसरीकडचा गेल्या मे महिन्यातला रिपोर्ट होता. झोपेत श्वास अडतो हे त्यातही होतंच, पण 'गाढ झोप 24 टक्के' या ओळीवर घरचे निश्चिंत झाले आणि श्वास मोकळा ठेवणारं मशीन घेतलंच नाही.

डोक्याची कातडी घासून, पेस्ट लावून मेंदूच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड बसवले. प्रत्येकाचा विजेला होणारा रोध 5 किलो-ओहमच्या आत आणला. दीडला लाइट गेली. जनरेटरवर यंत्रं चालतात, एसी चालत नाही. वीस मिनिटांत पडद्यावर मोठ्या, संथ लाटा डोलू लागल्या आणि सॉफ्टवेअरने त्यावर धडाधड 'एन-3', म्हणजे गाढ झोप, लिहायला सुरुवात केली.

ती गाढ झोप नव्हती. खरी मंद लाट सेकंदाला अर्धी ते दोन, 75 मायक्रोव्होल्टहून उंच, कपाळाकडच्या चॅनेलवर (दोन इलेक्ट्रोडच्या जोडीतून उमटणाऱ्या रेघेवर) सर्वांत ठसठशीत. मोजणीच्या 30 सेकंदांच्या तुकड्यामध्ये, म्हणजे एपॉकमध्ये, अशा लाटा किमान 6 सेकंद हव्यात. इथे रेघ तीन-चार सेकंदांत एकदा झुलत होती, आणि डाव्या कानामागच्या एम-1 या इलेक्ट्रोडला जोडलेली तिन्ही चॅनेल एकाच तालात. काकाजी डाव्या कुशीवर होते, एम-1 उशीत घामाने चिंब. उजव्या कानामागच्या एम-2 शी जोडी लावली तर रेघ सपाट! संथ लाटा गाळणारा फिल्टर 0.3 वरून 1 हर्ट्झवर नेला की डोलणं जातं, पण खऱ्या मंद लाटाही कापल्या जातात. हा आळशी उपाय अनेकजण करतात. टेबलफॅन लावायचा, कानामागची जागा पुसून कोरडी करायची, इलेक्ट्रोड नव्याने चिकटवायचा. दुसरा इलाज नाही.

गाढ झोपेच्या आकड्यावर इतका जीव का काढायचा? 2013 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला मेंदू-संशोधक मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा सुमारे 60 टक्क्यांनी वाढते, मेंदूभोवतीचं पाणी त्यातून खेळतं आणि बीटा-अमायलॉइड या प्रथिनासारखा कचरा जागेपणीपेक्षा दुपटीने वेगात निघतो. 2019 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांत मंद लाटेमागोमाग या पाण्याची भरती पाहिली. 2024 मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांत उलटच आढळलं: झोपेत निचरा कमी. वाद मिटलेला नाही, पण म्हणून घामाला गाढ झोप म्हणायची मुभा मिळत नाही.

दोनपर्यंत श्वास तासाला 52 वेळा अडत होता. लाइट आल्यावर सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन, लावलं, 4 सेंटिमीटर पाण्याच्या दाबापासून एकेक चढवत 11 वर नेलं. चारच्या सुमारास घोरणं थांबलं आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना खऱ्या लाटा उठल्या, उंच, भरदार, सलग चाळीस मिनिटं.

सकाळी मुलाने विचारलं, "वर्षभरात साचलेलं आता निघेल का?" मी म्हटलं, ते या कागदावर दिसत नाही, आज श्वास मोकळा झाल्यावर गाढ झोप लागली, एवढंच दिसतं. मग आधीच्या केंद्राकडून आकड्यांचा तक्ता नको, रात्रभराचं मूळ रेकॉर्डिंग मागवायला सांगितलं. ते अजून आलेलं नाही.