तुम्ही विचारलंत म्हणून: यातली खरी डेडलिफ्ट कोणती?

जिममध्ये माझ्या शेजारी बार, म्हणजे टोकांना वजनाच्या चकत्या (प्लेट) अडकवलेला लोखंडी दांडा, लावणारं कुणी नवीन असलं की दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न येतोच. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा असा बार धरून सरळ उभं राहायचं, एवढंच; पण तिचे प्रकार बरेच. सोमवारी मी पाय फाकवून बार उचलते. गुरुवारी पाय जवळ घेऊन, गुडघे जेमतेम वाकवून तोच बार मांड्यांवरून घसरवत खाली नेते. मध्ये महिनाभर षटकोनी बारच्या आत उभी राहिलेलीही त्यांनी मला पाहिलेली असते. मग, ‘ताई, यातली खरी डेडलिफ्ट कोणती?’ विचारणारा बहुतेक विशीतला असतो आणि त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. ‘तुझी मांडी किती लांब आहे त्यावर’ असं मी म्हणते, आणि तो मला वेड्यात काढतो. म्हणून जरा सविस्तर.

मी बार पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझं वय 38 होतं. मला शिकवली गेली ती साधी, म्हणजे कन्व्हेन्शनल डेडलिफ्ट. पाय खुब्यांच्या रुंदीएवढे, हात गुडघ्यांच्या बाहेर, बार तळव्याच्या मधोमध. पहिले चार महिने ती मला भयंकर वाटायची. वजन फार नव्हतं, बारसकट 40 किलो, पण खाली वाकून पकडतानाच पाठ गोल व्हायची. ट्रेनर म्हणायचे, पाठ सरळ ठेवा. मी म्हणायचे, ठेवतेय की.

कारण निघालं अगदी बावळट. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. आमच्याकडच्या 10 किलोच्या लोखंडी प्लेट मात्र बऱ्याच लहान होत्या. म्हणजे वजन कमी म्हणून मी लहान प्लेट लावत होते आणि बार आणखी खाली जात होता. अनुभवी लोक मुद्दाम फळीवर उभं राहून जो अवघड प्रकार करतात, ज्याला डेफिसिट म्हणतात, तो मी नवशिकेपणी नकळत करत होते. एके दिवशी कुणीतरी प्लेटखाली आणखी दोन प्लेट आडव्या सरकवून दिल्या आणि पाठ आपोआप सरळ झाली. नवीन बाया-माणसांना मी आधी हेच बघायला सांगते. बाकी तंत्र नंतर.

बरं, बार वर आला तरी तो सगळ्यांसाठी त्याच उंचीवर असतो. पाच फुटी बाई असो की सव्वासहा फुटी गडी, साडेबावीस म्हणजे साडेबावीस. कुणाच्या नडगीच्या मध्यावर येतो, कुणाच्या त्याहून खाली. हात लांब असतील तर कमी वाकावं लागतं. मांड्या लांब असतील तर ढुंगण मागे जातं, धड जमिनीला समांतर व्हायला लागतं आणि सगळा भार कमरेवर येतो. माझ्या मांड्या लांब आहेत आणि हात आखूड. शिवणाऱ्या बाईंना हे माहीत होतं, मला नव्हतं.

शरीराची ठेवण किती फरक करते याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा पॉवरलिफ्टर (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्टच्या स्पर्धा करणारा) लामार गँट. त्याच्या पाठीच्या कण्याला मोठा बाक होता. त्यामुळे धड आखूड पडलं आणि हात त्या मानाने खूप खाली पोहोचायचे. 1985 मध्ये त्याने स्वतःच्या वजनाच्या पाचपट वजन उचललं, आणि हे करणारा तो पहिला माणूस. बाक कुणी मागून घेत नाही. पण त्याने त्या अंगाला साजेशी उचल शोधली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर साध्या डेडलिफ्टमध्ये मी 80 किलोवर अडकले. पाच महिने तोच आकडा. मग मी प्रकार बदलायला लागले, आणि इथे मला स्वतःबद्दल थोडं वाईट बोलायचं आहे. त्या दिवसांतली वही उघडली तर दहा आठवड्यांत सहा प्रकार दिसतात. एखादा जड जायला लागला की पुढच्या आठवड्यात तो बंद. नवीन प्रकारात पहिले तीन आठवडे आकडे चढतातच. स्नायू वाढतात म्हणून नव्हे, ती हालचाल अंगवळणी पडते म्हणून. मी फक्त ते गोड तीन आठवडे चाखत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. (अंगण थोडं वाकडं होतंही, हे वर सांगितलंच. पण नाचताही येत नव्हतं.)

हा खेळ संपला तो स्नॅच ग्रिपने. त्यात हात खूप रुंद धरायचे असतात, त्यामुळे आणखी खाली वाकावं लागतं. मी आदल्या आठवड्यात साध्या पकडीने 75 किलोचे पाच रेप, म्हणजे सलग पाच उचली, केले होते, तर स्नॅच ग्रिपलाही सरळ 75च लावले. तिसऱ्या रेपला कमरेत काहीतरी करकचलं. पुढचे चार दिवस मोजे घालायला पलंगावर आडवं पडावं लागत होतं. चूक प्रकाराची नव्हती, आकड्याची होती. एका प्रकाराचं वजन दुसऱ्याला उसनं देता येत नाही. तेव्हापासून नवीन काहीही असलं तरी नेहमीच्या निम्म्या वजनाने सुरुवात, दर आठवड्याला थोडी वाढ, आणि आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय मत बनवायचं नाही.

त्या शिस्तीत पहिली आली सुमो. पाय रुंद, पंजे बाहेर वळलेले, हात गुडघ्यांच्या आत. मांड्या बाजूला उघडल्या की समोरून मागे त्यांची लांबी कमी भरते, खुबे बारच्या जवळ येतात आणि धड जास्त उभं राहतं. माझ्यासारखीला हे वरदानच वाटायला हवं. पहिले तीन आठवडे वाटलं नाही. साध्या प्रकारात बार जमिनीवरून झटकन सुटायचा आणि गुडघ्यांशी अडायचा. सुमोत उलटं, बार जमिनीला चिकटल्यासारखा बसतो. तुम्ही ढकलताय, ढकलताय, काहीच होत नाही, आणि मग एकदम सुटतो. तो ‘काहीच होत नाही’ चा दीड सेकंद सोसायला शिकणं म्हणजे सुमो. मी घाईने हिसका द्यायचे, की ढुंगण आधी वर आणि गुडघे आत. मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू इतके दुखले की गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकदम बाहेर काढायचे. सहाव्या आठवड्यात 85 उचलले, चार महिन्यांनी 100.

‘पण सुमो म्हणजे फसवणूक ना?’ हा उपप्रश्नही तयार असतोच. बारला कमी अंतर कापावं लागतं हे खरं आहे. स्ट्राँगमन, म्हणजे ट्रक ओढणं, दगड उचलणं अशा ताकदीच्या स्पर्धांत सुमो चालत नाही, हेही खरं. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र ती पूर्ण नियमात बसते. अमेरिकी पॉवरलिफ्टर एड कोनने 1991 मध्ये 901 पौंड, म्हणजे 400 किलोंहून जास्त, सुमोनेच उचलले होते, आणि तो स्वतः 100 किलोंच्या आतला होता. अंतर कमी म्हणून सोपं असतं, तर सगळ्यांनीच पाय फाकवले असते. ज्यांच्या खुब्यांची खोबण तशी नाही त्यांना ती स्थिती कितीही ताणलं तरी येत नाही, हाडाला हाड लागतं. तरी मला हा वाद करायचा कंटाळा येतो, कारण तो बहुधा ज्यांना स्पर्धा करायची नाही असे लोकच करतात. माझ्यासारखेच.

गुरुवारची ती रोमेनियन. नाव ऐकून वाटतं तिकडे शतकानुशतकं करत असतील. तसं नाही. 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवलेला रोमेनियाचा वेटलिफ्टर निकू व्लाद पुढे अमेरिकेत सराव करताना ही उचल करायचा. तिथल्या लोकांनी ती पाहिली आणि त्यांनीच हे नाव दिलं. यात सुरुवात जमिनीवरून नाही, उभं राहून. नडग्या उभ्याच ठेवायच्या, ढुंगणाने मागचं दार लोटल्यासारखं मागे जायचं, बार मांडीला घासत गुडघ्यांच्या जरा खाली, आणि मांडीची मागची बाजू ‘बस’ म्हणाली की परत. जमिनीला टेकवायचा हट्ट धरला की पाठ गोल होते आणि सगळं मुसळ केरात.

मला ही मनापासून आवडत नाही. तीन मोजत खाली जाणं कंटाळवाणं आहे, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना टेबल धरावं लागतं, आणि वजन इतकं कमी लागतं की कुणाला दाखवण्यासारखं काही नसतं. माझ्या सुमोच्या साठ टक्क्यांच्या आसपास. पण माझं जे पाच महिने 80 वर अडलं होतं, त्याची गाठ इथे सुटली. गुडघ्यांच्या वर बार आला की मी कमरेने ओढत होते, कारण मांडीच्या मागच्या स्नायूंना कामाची सवयच नव्हती. रोमेनियनचे दोन आठ-आठवडी टप्पे झाल्यावर गंमत म्हणून साधी डेडलिफ्ट लावली, तर 87.5 किलो आले. दरम्यान तिचा सराव शून्य.

ट्रॅप बारबद्दल, म्हणजे त्या षटकोनी बारबद्दल, थोडक्यात. 1980 च्या दशकात अल जेरार्ड नावाच्या अमेरिकी पॉवरलिफ्टरने स्वतःच्या पाठीच्या त्रासातून तो बनवला. तुम्ही बारच्या मागे नव्हे, आत उभे राहता, म्हणून वजन पुढे ओढत नाही. पाठ कुरकुरत असेल त्या महिन्यात मी तोच धरते. त्यात माझे 110 जातात, पण वहीत मी ते वेगळ्या पानावर लिहिते, कारण त्याच्या मुठी उंचावर असतात.

बाकीचे येऊन गेले. एका पायावरची बरी आहे, पण माझा तोल वजनाआधी संपतो. पाय ताठ ठेवून करायची मला नकोच. पकडीचं मात्र प्रत्येक प्रकाराला लागू: एक तळवा पुढे, एक मागे अशी उलटसुलट पकड मी सोडली, कारण वर वळलेल्या हाताच्या दंडाच्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटण्याचा धोका असतो. आता अंगठा बोटांखाली दाबून हुक ग्रिप. अंगठा दुखतो. महिनाभराने कमी दुखतो.

परवा ज्याने विचारलं त्याला मी बाजूने व्हिडिओ काढायला लावला. हात जवळजवळ गुडघ्यांपर्यंत, मांड्या आखूड. साध्या डेडलिफ्टसाठीच घडवल्यासारखा. त्याला सुमो करून बघायची होती. मी म्हटलं, आठ आठवडे हीच कर, लिहून ठेव, मग बोलू. तो जरा हिरमुसला. त्याच्या नडग्यांवर मात्र एक ओरखडा नव्हता, म्हणजे बार अंगापासून लांबून येतोय. पुढच्या वेळी आधी ते बघणार आहे.