पाचवं गाव

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. खरं म्हणजे विचारून विचारून पिच्छा पुरवलात म्हणून. खंडेराव मार्केटात कोथिंबिरीची जुडी हातात असताना, सुरसागरच्या कठड्याशी, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर स्मशानातून परतताना रिक्षातसुद्धा: "काका, ते तुमचं आतलं महाभारत का हो बंद केलंत? काय सुंदर सांगायचात!" मी म्हणतो, घसा बसलाय. इतकी वर्षं घसा बसलेला माणूस भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घालतो, हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं नाही.

काहींना वाटतं माझी श्रद्धा उडाली. उडालेली नाही. काहींना वाटतं, महाभारत घडलंच नाही असं मी म्हणायचो म्हणून कुणीतरी दम दिला. तसं मी कधी म्हणालोच नाही, आणि दम द्यायला बडोद्यात कुणाला वेळ आहे.

मी काय सांगायचो ते तुम्हाला पाठ आहे. धृतराष्ट्र म्हणजे आंधळं मन, गांधारी म्हणजे डोळे असून पट्टी बांधून बसलेली बुद्धी, शंभर कौरव म्हणजे वासना, कुरुक्षेत्र म्हणजे हा साडेतीन हात देह. १९९७ पासून १९ वर्षं, दर शनिवारी, दांडिया बाजारातल्या त्या हॉलमध्ये, पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून मी हेच सांगितलं. आणि हे काही मी झोपाळ्यावर बसून मनानं रचलेलं नव्हतं. 'हे शरीर म्हणजेच क्षेत्र' असं गीतेच्या तेराव्या अध्यायात खुद्द कृष्णच म्हणतो. देह हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, हे कठोपनिषदात आहे. आठ चक्रांची, नऊ दारांची अयोध्या अथर्ववेदात आहे, आणि ती अयोध्या म्हणजे हे शरीरच. गांधीजींनी 'अनासक्तियोगा'च्या प्रस्तावनेत लिहिलंय की १८८८-८९ मध्ये गीता पहिल्यांदा हाती आली तेव्हाच त्यांना हे युद्ध माणसाच्या हृदयातलं वाटलं. नाथांच्या भारुडातला विंचू तर काम-क्रोधाचाच आहे. तेव्हा परंपरा माझ्या पाठीशी होती. आजही आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हा मी तुमच्यापासून लपवली. आमच्या त्या हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर अरविंद निवास आहे, योगी अरविंद घोषांचं घर. अरविंदबाबू १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. पुढे 'आर्य' मासिकात १९१६ पासून त्यांनी गीतेवर निबंध लिहिले, आणि त्यात अगदी सुरुवातीलाच सांगून टाकलं की सगळ्या महाभारताचं असं आतलं रूपक करणं गीतेच्या भाषेला मानवत नाही. अर्जुनापुढचा पेच खराखुरा आहे, युद्धही खरं आहे. योगी माणूस, अंतरंगाची वाट आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेला, आणि तो हे म्हणतो. मी ते वाचलं होतं. पानाला खूणही घातली होती. पण शनिवारी कधी त्याचं नाव काढलं नाही. रंग गेला असता.

आणि रंग यायचा हो. नाही कसं म्हणू? माझी तंबाखू सुटली ती दुःशासनामुळे. रोज सकाळी चुन्याच्या डबीकडे हात गेला की म्हणायचो, आला, केस धरायला आला. तीन महिने म्हटलं, मग डबीच फेकून दिली. हे काही खोटं नाही.

आता ताईचं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नाना २००७ मध्ये गेले. पोळातलं, म्हणजे जुन्या गल्लीतलं, घर आजोबांपासूनचं, आणि २००५ च्या कायद्यानं मुलींचा हक्क मुलांइतकाच झालेला. ताईनं ते पेपरात वाचलं होतं. पण तिनं अर्धं घर कुठे मागितलं? मागची, वेगळ्या जिन्याची माडीवरची एक खोली मागितली. ती स्वतः मांजलपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. म्हणाली, "मी राहायला येत नाही रे. विद्यार्थ्याला देईन, ह्यांच्या औषधाचं भागेल." मी म्हटलं, बघू. घरातला 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

२००९ चा श्रावण होता. उद्योगपर्व चाललेलं. पांडव पाच गावांवर तडजोडीला तयार होतात आणि दुर्योधन म्हणतो, सुईच्या टोकावर मावेल एवढीसुद्धा जमीन देणार नाही, ती जागा. पाच गावं म्हणजे पाच ज्ञानेंद्रियं, हे मी नेहमीचंच सांगितलं. ताई तिसऱ्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीवर होती. गुडघ्यांमुळे सतरंजीवर बसायची नाही. तिच्याकडे पाहून मी एक वाक्य वाढवलं. टिपणात ते नव्हतं. कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते आपोआप आलं, वाचा आपल्याच लयीत बोलून गेली. आता सांगतो, आपोआप नव्हतं. म्हणालो, "मंडळी, दुर्योधन बाहेर शोधू नका. 'माझा वाटा, माझा हिस्सा' असं जे आतून म्हणतं ना, तो दुर्योधन."

वा वा झाली. पुढच्याच रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले.

मंगळवारी ताईचा फोन. "कुठे सही करायची ते कागद काढून ठेव." हक्क-कमीचा, म्हणजे वाटा सोडल्याचा, कागद झाला. सिटी सर्व्हेच्या कचेरीत बाकावर दोघं बसून होतो. सही झाली, अंगठा झाला. तिनं पर्समधून रुमाल काढून शाई पुसली. पुरती निघाली नाही. बाहेर येऊन आम्ही सेव-उसळ खाल्ली. पैसे तिनं दिले. मी खिशात हात घातला होता, पण सावकाश घातला होता.

हे इथे थांबलं असतं तरी मी आज हे लिहिलं नसतं. त्यानंतरच्या शनिवारी मी तुम्हाला सांगितलं, आठवतंय का, की "आपल्यातल्याच एका भगिनीनं या आठवड्यात आतल्या दुर्योधनावर जय मिळवला." नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या. ताई त्याच खुर्चीवर होती आणि तीही टाळ्या वाजवत होती.

पुढची सात वर्षं ती शनिवार चुकवत नव्हती.

२०१६ च्या उन्हाळ्यात भावोजींचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून दोनदा. त्या दिवशी ताई आमच्याकडे आली होती. आमची ही माहेरी गेलेली, म्हणून ताईच स्वयंपाकाला बसली. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले, आणि ती झोपाळ्यावर बसून डाळिंब्या सोलत होती. दोन बोटांत चिमटीत धरायचं, दाबायचं, टप्पकन डाळिंबी वाटीत आणि साल वर्तमानपत्रावर. मी समोर खुर्चीत शनिवारचं टिपण काढत होतो. पाण्यानं तिची बोटं सुरकुतली होती. मी म्हटलं, ताई, डायलिसिसचे पैसे मी देतो. तिनं मान हलवली. बराच वेळ नुसतं टप्प टप्प.

मग म्हणाली, "एक विचारू? तू ते सुईच्या टोकाचं सांगितलं होतंस ना."

"हो."

"ते म्हणाला कोण?"

"दुर्योधन."

"आणि मागत कोण होतं?"

"पांडव."

"राज्य कुणाच्या ताब्यात होतं मग?"

मी काही बोललो नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. एक वाल कुजका निघाला, तो तिनं बोटानं बाजूला सारला. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं रे. घरी पोचेपर्यंत कळलं होतं. पण वाटलं, एवढी माणसं वा वा करताहेत, म्हणजे माझंच चुकत असेल." मग उठून सालांचं वर्तमानपत्र गुंडाळलं आणि विचारलं, "आमसूल कुठे ठेवते रे ती?"

हा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. उसळ चांगली झाली होती, असंही मला आठवतं, आणि ते आठवतं याची लाज वाटते.

दुसऱ्या आठवड्यात मी प्राच्यविद्या मंदिराच्या ग्रंथालयात जाऊन बसलो. याच संस्थेनं वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५, सात कांडांचे सात खंड. एकेका अक्षरासाठी ठिकठिकाणच्या पोथ्या समोरासमोर ठेवणारी माणसं ती. आणि मी अख्खी माणसं बदलत होतो. मला हवी होती भांडारकर संस्थेची महाभारताची प्रत, उद्योगपर्व. १९ वर्षं ज्या श्लोकांवर बोललो ते मुळात वाचावेत म्हटलं.

युधिष्ठिर संजयाबरोबर निरोप पाठवतो, की आम्हा पाच भावांना पाच गावं दे. म्हणजे पाच कशाला, ते तिथेच लिहिलंय. इंद्रियं शोधायला नकोत. चार गावांची नावंही दिलीत, आणि त्यात वारणावत आहे. वारणावत! जिथे लाक्षागृहात यांना जिवंत जाळायचा बेत झाला, तेच गाव हा माणूस मागून घेतोय. आणि पाचवं? पाचव्याला नावच नाही. पाचवं कुठलंही चालेल, म्हणतो.

त्या 'कुठलंही'पाशी मी अडकलो. चार इंद्रियं नावानिशी आणि पाचवं तुमच्या मर्जीनं, असं रूपक कुणी करत नाही. हे मागणाऱ्याचं बोलणं आहे. ज्याला कळून चुकलंय की समोरचा देणार नाही, तरी जो मागणी आणखी एक पायरी खाली आणून बघतो, त्याचं. एक मागची खोली. वेगळ्या जिन्याची.

लहानपणी नाना आम्हा दोघांना कीर्तिमंदिरात घेऊन जायचे, नंदलाल बोसांची भिंतीवरची चित्रं दाखवायला. अभिमन्यूच्या भिंतीपुढे ताई रडायची. मी तिला हसायचो. पुढे मीच प्रवचनात सांगितलं, अभिमन्यू म्हणजे अर्धवट ज्ञान, आत शिरायचं कळतं, बाहेर पडायचं कळत नाही. छान वाटतं ऐकायला. पोराला सहाजणांनी घेरून मारलं, ते कुठे गेलं?

आता तो जुना मी, टिपणवाला, गप्प बसत नाही. तो म्हणतो, एका सोयीच्या वाक्यावरून सगळी परंपरा मोडीत काढतोस? सुरीनं बोट कापलं म्हणून भाजी चिरायची सोडतात का? बरोबर आहे त्याचं. मी म्हणतो, मग असं करू, आतला अर्थ ज्यानं त्यानं स्वतःपुरता लावावा. दुसऱ्याला 'तुझ्या आतला दुर्योधन' म्हणू नये. तो हसतो. म्हणतो, कृष्णानं दुसऱ्यालाच सांगितलं ना? मग गुरू कशाला, कीर्तन कशाला? यावर माझ्याकडे उत्तर नाही. विंचवाचं भारूड बघा, करणारा आधी स्वतः तळमळतो, अंग टाकतो, मग काम-क्रोधाचं नाव घेतो. मी तळमळलो नव्हतो, खुर्चीत बसून विंचू वाटले. पण म्हणजे तळमळण्याचा अभिनय केला असता तर चाललं असतं का? तेही कळत नाही.

आणि अजूनही रात्री राग आला की मी कौरव मोजतो. सवय जात नाही. उपयोगही होतो.

आता तुम्ही विचाराल (हे मात्र तोंडावर कुणी विचारत नाही), की मग खोली परत दिलीत का? बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडून २०१८ मध्येच करून आणला. मुलगा म्हणाला, स्टँप ड्यूटी बघा, शिवाय नंतर गुंता होईल. ताई म्हणाली, आता ह्यांच्यामागे मला काय करायचीय खोली, जिना तरी चढवणार आहे का. मी जास्त ताणून धरलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. मसुदा कपाटात आहे. खोलीत मंडळाच्या सतरंज्या, घडीच्या खुर्च्या आणि माझ्या प्रवचनांच्या कॅसेटींची दोन खोकी आहेत.

परवा कळलं, तुमच्यातले काहीजण मांजलपूरला जाऊन ताईलाही विचारून आले, भाऊ का बोलत नाहीत म्हणून. तिनं हिरवा चिवडा पुढे केला आणि सांगितलं, "त्याचा घसा बसलाय."