तुम्ही विचारलंत म्हणून: आधी लेथ की आधी इंजिन?

"छोटी वाफेची इंजिनं स्वतः बनवायची आहेत, लेथ कोणता घेऊ?" प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. सोबत दोन-तीन यंत्रांची नावं असतात आणि त्यांतलं एक निवडून द्यायचं असतं. मी दर वेळी उलट विचारतो: पहिलं इंजिन कोणतं बनवणार? ते ठरलेलं नसेल तर लेथ (धातू फिरवत ठेवून टूलने कापणारं यंत्र) निवडता येत नाही, ड्रिलचा सेट निवडता येत नाही, पितळेचा गजसुद्धा निवडता येत नाही. ड्रॉइंग समोर ठेवा. त्यातला सगळ्यात मोठा व्यास, सगळ्यात लांब शाफ्ट, सगळ्यात बारीक भोक आणि सगळ्यात नेमकं फिट शोधा. हत्यारांची यादी तिथूनच निघते.

म्हणून हे उत्तर एका इंजिनाला धरूनच देतो. डोलत्या सिलिंडरचं इंजिन, म्हणजे वॉबलर. यात वेगळा व्हॉल्व्ह नाही, एक्सेंट्रिक नाही, क्रॉसहेड नाही. सिलिंडर स्वतःच पिव्हटवर (ज्या खिळीवर तो टांगलेला असतो तिच्यावर) डावी-उजवीकडे डोलतो. त्याच्या अंगावरचं एक भोक (पोर्ट) फ्रेममधल्या दोन भोकांसमोर आळीपाळीने येतं. एकातून वाफ किंवा दाबाची हवा आत, दुसऱ्यातून बाहेर. मापं अशी धरू: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका बाजूची धाव) २० मिमी, क्रँकशाफ्टच्या मध्यापासून पिव्हटच्या मध्यापर्यंत ५० मिमी, आणि पिव्हटपासून पोर्ट १५ मिमी.

माल मोजकाच लागतो. सिलिंडरला २० मिमी चौकोनी पितळ, ३६ मिमी लांब. फ्रेमला १० मिमी जाडीची पितळी पट्टी, ४० बाय १०० मिमी. क्रँकशाफ्टला ६ मिमी सिल्व्हर स्टील, ४५ मिमी. पिव्हटला ४ मिमी आणि पिस्टन रॉडला व क्रँकपिनला ३ मिमी सिल्व्हर स्टील. पिस्टनला बिडाचा किंवा फॉस्फर ब्राँझचा १२ मिमी गज. क्रँक डिस्क आणि ५० मिमी व्यासाचं फ्लायव्हील माइल्ड स्टीलचं. सिल्व्हर स्टील घासून मापात आणलेलंच मिळतं, त्यामुळे शाफ्टचा व्यास टर्न करावा लागत नाही. नवशिक्याचं अर्धं दुखणं तिथेच संपतं.

आता लेथकडे बघा. सगळ्यात मोठा भाग ५० मिमीचा, सगळ्यात लांब ४५ मिमीचा. सेंटर हाइट (बेडपासून चकच्या मध्यापर्यंतची उंची) ९० मिमी असलेला छोटा लेथ याला भरपूर झाला. यंत्राच्या आकारावर पैसे घालवण्यापेक्षा त्यासोबत काय येतं ते बघा: प्रत्येक जबडा स्वतंत्र हलणारा चार जबड्यांचा चक (काम पकडणारा भाग) आहे का, टेलस्टॉकला (चकसमोरच्या टोकाच्या आधाराला) ड्रिल चक आहे का, आणि वेग शंभर-दीडशे आरपीएमपर्यंत उतरवला तरी मोटर जोर धरते का. वेग बटणाने कमी-जास्त होणाऱ्या काही छोट्या लेथची मोटर हळू फिरताना दम टाकते. ५० मिमीचं स्टीलचं फ्लायव्हील एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने कापायला मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरली तर १६० आरपीएम येतात. वापरायचा वेग हा असतो, जाहिरातीतला अडीच हजाराचा आकडा नाही.

जुना लेथ घेत असाल तर दोन तपासण्या चुकवू नका. चकच्या अंगाला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं घड्याळ) लावा, चकमध्ये धरलेला लाकडी दांडा वर-खाली दाबा. डायल दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर बेअरिंगला ॲडजस्टमेंट हवी किंवा ते झिजलंय. मग कॅरेजचा (टूल घेऊन सरकणाऱ्या भागाचा) जिब, म्हणजे ढील काढणारी पट्टी, चकजवळ नीट बसवा आणि कॅरेज टेलस्टॉकच्या टोकाकडे न्या. तिकडे ती जाम होत असेल तर बेड चकजवळ झिजलाय. रोजचं काम तिथेच होतं, म्हणून झीजही तिथेच होते. वॉबलरसाठी थोडी झीज चालते. सगळी चेंज गिअर (आटे कापताना बदलायची गिअर) गायब असणं मात्र पुढे फार महागात पडतं.

चार जबड्यांच्या चकबद्दल इतकं आग्रहाने सांगण्याचं कारण सिलिंडर. बोअर चौकोनाच्या मध्यात घ्यायचा नाही. तो २ मिमी बाजूला सरकवायचा, म्हणजे पिव्हटच्या बाजूला ७ मिमी जाडी उरते आणि समोरच्या बाजूला ३. मध्यात घेतला तर सगळीकडे ५ मिमीच उरतात, आणि पिव्हटच्या एम४ आट्यांसाठी ड्रिल केलेलं भोक टोकाने बोअरमध्ये फुटायची भीती राहते. असा सरकवलेला चौकोन तीन जबड्यांच्या चकमध्ये धरताच येत नाही. चार जबड्यांच्या चकमध्ये पंचाची खूण मध्यावर आणायला सुरुवातीला वीस मिनिटं लागतात. समोरासमोरच्या दोन जबड्यांची जोडी एका वेळी, एक सैल करून मग दुसरा घट्ट, अशा क्रमाने गेलं की हात बसतो.

तीन जबड्यांचा चक पाच ते दहा शतांश मिलिमीटर डगमगला तर घाबरू नका, बहुतेक असेच असतात. त्यावरचा उपाय कामाच्या क्रमात आहे. फ्लायव्हीलचं भोक, बाहेरचा घेर आणि एक तोंड एकाच पकडीत करा. मध्ये काम चकमधून काढलंच नाही तर तिन्ही एकमेकांशी जुळलेलेच राहणार, चक कितीही वाकडा असो. काढून पुन्हा धरलंत की चकची चूक कामात उतरली.

टूलच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: पहिल्या वर्षी ८ मिमी चौकोनी एचएसएसचे चार-पाच तुकडे आणि एक बेंच ग्राइंडर. कार्बाइड टिपांचा रंगीत डबा नको. त्या टिपा मोठ्या, ताठ यंत्रांवर जोरात कापण्यासाठी केलेल्या असतात. त्यांची धार मुद्दाम किंचित बोथट असते. छोट्या लेथवर ०.०५ मिमीचा कट घ्यायला गेलं की ती धार कापण्याऐवजी घासते. मग पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो आणि माप येत नाही. एचएसएसला पुढून आणि बाजूने ८ ते १० अंश क्लिअरन्स द्या. स्टीलसाठी वरून १२-१५ अंश उतार द्या. पितळेसाठी वरची बाजू सपाट ठेवा. पितळेचं हे सूत्र ड्रिललाही लागू आहे. नेहमीचं ड्रिल पितळेत कापता कापता अचानक ओढलं जातं, आणि पातळ पट्टी असेल तर ती हातातून हिसकावून गरगरा फिरवतं. ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या कडांवर बारीक तेलदगडाने अर्धा मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी काढा, ड्रिलच्या अक्षाला समांतर. ओढणं बंद होतं. अशी ड्रिलं पितळेसाठी वेगळी ठेवा. आणि काम नेहमी व्हाइसमध्ये धरा, हातात नाही.

टूलची उंची तपासायला गज आणि टूलचं टोक यांच्यात पातळ स्टीलची पट्टी हलकेच दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर.

आता पोर्ट, कारण वॉबलर चालतं की नाही ते इथेच ठरतं. क्रँक १० मिमीची (स्ट्रोकच्या निम्मी) आणि पिव्हट ५० मिमीवर, म्हणून सिलिंडर जास्तीत जास्त साडेअकरा अंश डोलतो. १५ मिमीवरचं भोक त्या वेळी मध्यापासून ३ मिमी बाजूला जातं. फ्रेममधली दोन भोकं बरोबर तिथे हवीत. सिलिंडर मध्यात असताना त्याचं भोक दोन्हींपैकी एकालाही उघडं राहता कामा नये. सगळी भोकं २.५ मिमीची ठेवली तर दोन त्रिज्यांची बेरीज २.५ होते आणि मध्ये अर्धा मिलिमीटर बंद जागा उरते. ३ मिमीचं ड्रिल वापरलं तर कागदावर ती जागा शून्य होते. प्रत्यक्षात ड्रिल थोडं मोठंच भोक पाडतं, म्हणून हवा आतून सरळ बाहेर पळते. "जरा मोठं भोक, जास्त ताकद" हा हिशेब इथे चालत नाही.

ही भोकं स्क्रायबरने आखून पंच मारून पाडू नका, जिग (ड्रिलला नेमकी जागा दाखवणारा साचा) करा. ५ मिमी जाड, १० मिमी रुंद, ८० मिमी लांब स्टीलची पट्टी घ्या. तिच्या बरोबर मध्यरेषेवर १५ मिमी अंतरावर दोन भोकं: एक ४ मिमी, एक २.५ मिमी. फ्रेमच्या पिव्हटच्या भोकात ४ मिमी पिन घालून पट्टी तिच्यावर बसवा. शाफ्टच्या भोकात ६ मिमी गज उभा करा आणि त्यावर १० मिमी व्यासाची कॉलर चढवा. पट्टीचं लांब टोक आधी कॉलरच्या डाव्या अंगाला टेकवून २.५ मिमीचं भोक पाडा, मग उजव्या अंगाला टेकवून दुसरं. पट्टीची अर्धी रुंदी ५ आणि कॉलरची त्रिज्या ५ मिळून क्रँकचे १० मिमी होतात, त्यामुळे कोन आपोआप येतो. सिलिंडरचं भोकही याच पट्टीतून पाडा, फक्त पट्टी बोअरला समांतर धरा. पट्टीचे १५ मिमी जरा चुकले असले तरी दोन्हीकडे सारखेच चुकतात, म्हणून भोकं जुळतात.

बोअर ड्रिलने पाडून सोडून देऊ नका. ९.५ पर्यंत ड्रिल, बोअरिंग टूलने ९.८, मग १० मिमी रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार). ड्रिल वाकडं गेलं असेल तर रीमर त्याच वाकड्या वाटेने जातो. बोअरिंग टूल ती वाट सरळ करतं. रीमर हळू चालवा आणि बाहेर काढताना उलटा फिरवू नका, धार जाते. पिस्टन दोन शतांश मिलिमीटर सैल ठेवा. तपासायला दोन्ही भाग पुसून तेलाचा एक थेंब द्या, बोअरचं खालचं तोंड बोटाने बंद करा आणि पिस्टन वरून सोडा. तो हवेवर अडकून राहिला पाहिजे, आणि बोट काढलं की सरकत खाली आला पाहिजे.

मोजायला १५० मिमी डिजिटल कॅलिपर आणि ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर, दोन्ही घ्या. कॅलिपर ०.०१ दाखवतो, पण दोन-तीन शतांशांची चूक त्यात सहज असते. पिस्टनचं फिट त्याच्या भरवशावर करता येणार नाही. डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड लागतोच. सरफेस प्लेटऐवजी १० मिमी जाड फ्लोट काचेचा तुकडा चालतो. त्यावरच ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर ओला पसरून सिलिंडरचं आणि फ्रेमचं तोंड घासायचं, आठच्या आकड्यासारखं फिरवत.

टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फक्त चार घ्या: एम२.५, एम३, एम४, एम५, आणि त्यांची ड्रिलं २.०५, २.५, ३.३, ४.२. चाळीस तुकड्यांच्या स्वस्त सेटमधले टॅप बहुधा कार्बन स्टीलचे असतात आणि एम३ पहिल्याच आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात तुटतो. एचएसएसचे सुटे घ्या. टॅप हाताने सरळ धरल्यासारखा वाटतो, पण धरला जात नाही. तो ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकडा, मशीनचा विजेचा प्लग काढून ठेवा आणि चक हाताने फिरवा. पिव्हटचा टॅप दोन अंश जरी कलला तरी सिलिंडरचं तोंड फ्रेमवर बसणार नाही, मग कितीही घासा.

जुन्या ब्रिटिश ड्रॉइंगमध्ये इंच आणि बीए (ब्रिटिश असोसिएशन) आटे भेटतील. बीएचा कोन ४७.५ अंश, मेट्रिकचा ६०. एकाचा नट दुसऱ्यावर बळजबरीने चढवू नका. ६बीए २.८ मिमीचा असतो, तिथे एम३ चालतो. पाइपच्या जोडांचे इंचाला ४० असे बारीक आटे मात्र तसेच ठेवा, कारण जाडा मेट्रिक आटा पातळ भिंतीत खोल जातो.

माल घेताना ग्रेड विचारा. पितळ आणि स्टील दोन्ही "फ्री कटिंग" हवं. स्टीलमध्ये ईएन१ए मागा. भंगारातला अनोळखी गज फुकट मिळाला तरी कट खराब आला की चूक धारेची, वेगाची की मालाची, हे नव्या माणसाला कळत नाही. ब्राइट पट्टीच्या एकाच बाजूने जास्त माल काढला की ती धनुष्यासारखी वाकते, कारण थंड ओढताना आत ताण राहिलेले असतात. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढा. कास्टिंगचा (ओतीव भागांचा) किट पहिल्याच वेळी घेऊ नका. बिडाच्या कास्टिंगची वरची कातडी कडक असते, वाळूही असते. पहिला कट त्या कातडीच्या खालून, मिलिमीटरभर खोल घ्यावा लागतो. वरवर खरवडलं तर धार मिनिटात जाते.

मिलिंग मशीन, रोटरी टेबल, क्विक-चेंज टूलपोस्ट, यांतलं काही या इंजिनाला लागत नाही. पार्टिंग टूलही (फिरता गज कापून वेगळा करणारं) नंतर घ्या. छोट्या लेथवर ते अडकतं, तोवर हॅकसॉने कापा आणि लेथवर तोंड सपाट करा.

बॉयलरही सध्या नको. एक बार दाबाच्या हवेवर चालवा. पिव्हटची स्प्रिंग इतकीच घट्ट करा की सिलिंडर बोटाने फ्रेमपासून उचलता येईल. फ्लायव्हील हाताने फिरवताना एकाच जागी जड लागलं तर क्रँकपिन किंवा पिव्हट कललाय. सगळीकडे जड लागलं तर स्प्रिंग सैल करून बघा. क्रँक डेड सेंटरवर (म्हणजे सिलिंडर मध्यात) असताना एक्झॉस्टमधून सतत फुस्स येत असेल तर भोकं मोठी झालीत किंवा तोंड सपाट नाही. तोंडावर निळी शाई लावून सिलिंडर दोन-चार वेळा डोलवा. शाई जिथे पुसली गेली नाही तिथे टेकत नाही. तिथेही टेकेपर्यंत पुन्हा काचेवर घासा.