कानशीची शेपटी

ग्रीसची निप्पल मोडली ती माझ्याच हातून. उसाचा खोडवा काढून झाला होता, रान रिकामं होतं, आणि ट्रॅक्टरला माती भुसभुशीत करणारा रोटावेटर जोडायच्या आधी ग्रीस मारावं एवढा शहाणपणा मला सकाळी सकाळी सुचला. ट्रॅक्टरची ताकद रोटावेटरला पोचवणारा दांडा म्हणजे पीटीओ शाफ्ट; त्याच्या सांध्यातल्या अधिक-चिन्हासारख्या क्रॉसवरची निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, वर्षभर पाचटाचा धुरळा खाऊन जाम झालेली. ग्रीस गनचा दांडा दाबला की ग्रीस आत जायचं सोडून बाजूनं बाहेर. मी अजून जोर केला. मग गनचं तोंड निप्पलला असं चावून बसलं की सुटेना. दाब कोंडला की असंच होतं. गन जराशी कलती केली की दाब सुटतो आणि तोंड आपोआप निघतं, हे आज मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी हिसका दिला. टक्क.

गनच्या तोंडात मुंडकं, क्रॉसमध्ये धड.

चहाच्या किमतीत येणारी वस्तू. आत एक बारकी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग, बस्स. ग्रीस आलं की गोळी मागं सरते, दाब गेला की दार लावून घेते. माती आत नाही, ग्रीस बाहेर नाही. अमेरिकेत हिला झर्क म्हणतात, व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्कच्या नावावरून. त्याला १९२९ साली तिचं पेटंट मिळालं. शंभर वर्षं होत आली तरी या दाराला कुणी मोठा पर्याय काढलेला नाही. माझ्यासारखी माणसं मात्र ते मोडायचे नवे नवे मार्ग काढत असतात.

धड पृष्ठभागाच्या बरोबरीनं तुटलं होतं, त्यामुळं ग्रिप पकडीला धरायला काही नव्हतं. वेल्डिंगवाल्या पोरानं फोनवर सांगितलं, "वर नट वेल्ड करू, पान्यानं फिरवू." उपाय खरा आहे, पण क्रॉसच्या टोप्यांत सुयांसारखी बारीक बेअरिंग असतात आणि त्यांना रबरी सील. एवढी धग त्यांना सोसेल का, याचा अंदाज येईना. मग मी ड्रिल मशीन काढलं. तेवढ्यात तात्या आले.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कुंडलकडच्या म्हाताऱ्यांना लोखंडाचं भय नाही. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती नांगराच्या कारखान्यापायी. तेव्हापासून शेतकऱ्याच्या पोरांनी नांगर धरलाही आणि घडवलाही. तात्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ड्रिल कशाला पायजे रं? भोक तर बनवणाऱ्यानंच पाडून ठेवलंय की."

खरंच की. निप्पल म्हणजे मुळात भोकच. मला ते दिसलंच नव्हतं.

त्यांनी आधी तारेच्या टोकाला ग्रीस लावून आतली स्प्रिंग आणि गोळी उचलून घेतली. मग भोकात ग्रीसची गोळी भरली, म्हणजे काही कीस पडला तर तिथंच चिकटावा, बेअरिंगकडं जाऊ नये. कडेनं डिझेल सोडलं आणि म्हणाले, "आता उद्या." मला घाई होती, त्यांना नव्हती. अशा कामात घाई असलेल्याचं कुणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून तिकोनी कानस काढली, दात पार गेलेली. तिची शेपटी, म्हणजे मुठीत बसायचा निमुळता चौकोनी भाग, त्यांनी भोकात बसवली आणि हातोडीनं दोनच टिचक्या मारल्या. "लई ठोकलंस तर निप्पल फुगून आणखी घट्ट बसंल." कडा आत रुतल्या. मग कानशीला पाना लावून डावीकडं जोर दिला. आधी काहीच नाही. मग कर्र असा आवाज, तो ऐकून माझ्याच दाताला कळ लागली, आणि धड फिरत फिरत वर आलं.

नवी निप्पल आणायला मी जुना तुकडा न घेताच गेलो. दुकानदारानं आठ एमएमची दिली. दोन आटे गेली आणि अडली. मी पाना उचलला तर तात्यांनी मनगट धरलं. "अडली न्हवं? मग थांबायचं." आठ एमएमचा साधा बोल्ट सव्वा मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेला, असतो, आमच्या क्रॉसला बसणारी निप्पल मात्र एक मिलिमीटरची. नुसत्या डोळ्याला हा फरक दिसत नाही. जुन्या तुकड्याचे आटे नव्याच्या आट्यांवर टेकवून उजेडाला धरले की फट दिसते. परत गेलो, धरून पाहिली, योग्य ती आणली. हातानंच शेवटपर्यंत गेली, पाना फक्त अखेरच्या पाव फेऱ्याला.

मग गन लावली. आधी चारही टोप्यांच्या कडेनं काळा राडा आला, मग करडा, मग स्वच्छ पिवळं ग्रीस. दांडा मी दाबत होतो आणि तात्या चारी बाजूंनी वाकून बघत होते, ढेकर काढलेल्या बाळाकडं बघावं तसे.

जाताना त्यांनी कानस धोतराच्या सोग्याला पुसली आणि खिशात टाकली. दात गेलेली कानस, तिला मूठही नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मीच ती भंगारवाल्यासाठी काढून ठेवली होती. ढिगातून ती परत कधी उचलली गेली, हे मी काही त्यांना विचारलं नाही.